परवान्यावरील वर्ग आणि घाटातील उतार

लोंढा हे रेल्वेने वाढविलेले गाव. बेळगावकडून येणारा लोहमार्ग येथे दुभंगतो. एक शाखा धारवाड-हुबळीकडे वळते आणि दुसरी कॅसलरॉकवरून सह्याद्री उतरून गोमंतकात प्रवेश करते. कॅसलरॉक ते कुळे ह्या घाटात सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे. जड गाड्यांना जादा इंजिने जोडल्यावाचून तो चढवत नाही. अशा गावाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. इंजिनावर हात ठेवणारा प्रत्येक मनुष्य एकाच अधिकाराचा नसतो. प्रथम फायरमन, मग यार्डातला शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर, त्यानंतर पॅसेंजरचा आणि शेवटी मेलचा, अशी ती जुनी पायरी होती. आज नावे बदलली, फायरमनच्या जागी साहाय्यक लोको पायलट आला. परंतु पायरी मोडली नाही. एवढेच नव्हे, तर ज्या मार्गावरून पूर्वी गेला नाही, त्या मार्गाची ओळख करून घेतल्यावाचून अनुभवी ड्रायव्हरच्या हातीदेखील गाडी सोपवीत नाहीत.

लोहमार्गावर जी शिस्त आम्ही स्वाभाविक मानतो, ती शेजारच्या रस्त्यावर मात्र आम्हांस जाच वाटू लागते. बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर, अनमोड ह्या मार्गाने मोल्याकडे उतरणारा रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग चार-अ आणि आताचा सातशे अठ्ठेचाळीस, हा आमच्या तरुणांच्या उपजीविकेचा रस्ता आहे. ह्या रस्त्यावर ‘लायसन्स आहे ना?’ एवढा एकच प्रश्न विचारला जातो. ‘कशाचे आहे?’ हा प्रश्न मालक विचारीत नाही, चालक स्वतःस विचारीत नाही आणि शेजारी बसणारा प्रवासी तर मुळीच विचारीत नाही. मोटारसायकलच्या परवान्यावर जीप, जीपच्या परवान्यावर लॉरी आणि कसल्याही परवान्यावाचून स्कूटर, असा हा व्यवहार चालतो. अपघात होईपर्यंत कोणाचे काही बिघडत नाही. अपघात झाला म्हणजे परवान्यावरील ती दोन-चार अक्षरे प्रथमच वाचली जातात. आणि ती वाचणारा बहुधा विमा कंपनीचा वकील असतो.

म्हणून परवान्याच्या वर्गांचा हा विषय रूक्ष असला तरी तो आज वाचकांपुढे नीट मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मोटार चालविण्यास सरकारची परवानगी असावी, ही कल्पना आपल्या देशात शंभरांहून अधिक वर्षांची आहे. १९१४ साली पहिला अखिल भारतीय मोटार कायदा झाला. १९३९ साली दुसरा आला. आणि आज अमलात असलेला मोटार वाहन कायदा १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी खानापूर तालुक्याचा कारभार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्याकडे गेला, तरी चालकाच्या परवान्याचा कायदा केंद्राचाच राहिला. त्यामुळे कोल्हापुरास, बेळगावास आणि मडगावास परवान्याचे वर्ग एकच आहेत. इतकेच नव्हे, तर ह्या कायद्याच्या तेराव्या कलमाने एका ठिकाणी मिळालेला परवाना साऱ्या भारतात ग्राह्य ठरविला आहे. लोंढ्याच्या तरुणाने बेळगावच्या कार्यालयातून घेतलेला परवाना पुण्यात चालतो, पणजीत चालतो आणि जम्मूतही चालतो. राज्यांच्या सीमा त्याला आडव्या येत नाहीत. आडवा येतो तो केवळ त्यावर लिहिलेला वर्ग.

हे वर्ग कायद्याच्या दहाव्या कलमात सांगितले आहेत. गिअर नसलेली मोटारसायकल हा पहिला वर्ग; आपण जिला स्कूटी म्हणतो ती ह्यात येते. गिअर असलेली मोटारसायकल हा दुसरा. अपंग व्यक्तीच्या सोयीसाठी रूपांतरित केलेले वाहन हा तिसरा. हलके मोटार वाहन, म्हणजे परवान्यावर ‘एल.एम.व्ही.’ ह्या अक्षरांनी दर्शविलेला वर्ग, हा चौथा. परिवहन वाहन, म्हणजे भाड्याने माल किंवा उतारू वाहणारे वाहन, हा पाचवा. रोडरोलर हा सहावा. आणि ह्यांपैकी कशातही न बसणारे, विशेष वर्णनाचे यंत्रवाहन हा सातवा. १९९४ पूर्वी मध्यम मालवाहू, मध्यम प्रवासी, जड मालवाहू आणि जड प्रवासी असे चार निराळे वर्ग होते. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ते चारही काढून त्यांच्या जागी ‘परिवहन वाहन’ हा एकच शब्द घातला. सोपेपणासाठी केलेल्या ह्या बदलाने पुढे तीस वर्षे न्यायालयांस काम पुरविले.

गोंधळ असा झाला. हलके वाहन कोणते, हे कायद्याने वजनावरून ठरविले आहे आणि ती मर्यादा साडेसात हजार किलोची आहे. मात्र वजन मोजण्याची रीत दोन प्रकारची आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. मोटारगाडी, ट्रॅक्टर आणि रोडरोलर ह्यांचे वजन रिकाम्या स्थितीत धरावयाचे. टेम्पो, मिनीबस ह्यांसारख्या वाहनांचे मात्र मंजूर भारासह एकूण वजन धरावयाचे. ‘छोटा हत्ती’, पिकअप, चारशे सात जातीचा टेम्पो, वडापची जीप, ही सर्व वाहने ह्या मर्यादेच्या आत बसतात. साडेसात ते बारा हजार किलोपर्यंतचा मालट्रक मध्यम आणि त्यापुढचा जड. आपण रोज पाहतो तो दोन आसांचा सहाचाकी ट्रक २०१८ च्या नव्या भारमानानुसार साडेअठरा टनांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘गाडी’ म्हणतो, त्या एका शब्दात दोन टनांची जीप आणि साडेअठरा टनांची लॉरी दोन्ही सामावतात. भाषेला हे परवडते. ब्रेकला परवडत नाही.

आता प्रश्न असा उत्पन्न झाला की, पिवळ्या पाटीचा पिकअप वजनाने हलका आहे, परंतु धंद्याने परिवहन वाहन आहे. मग केवळ हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या मनुष्याने तो चालवावा की न चालवावा? कायद्याच्या तिसऱ्या कलमाकडे बोट दाखवून विमा कंपन्या म्हणत की, परिवहन वाहनाची खास नोंद परवान्यावर पाहिजे. ती नसेल तर आमच्यावर भरपाईचा बोजा नाही. दुसऱ्या कलमातील व्याख्येकडे बोट दाखवून चालक म्हणत की, हलक्या वाहनाच्या व्याख्येतच हलके परिवहन वाहन अंतर्भूत आहे. ३ जुलै २०१७ रोजी मुकुंद देवांगन ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला. त्यावर पुन्हा शंका घेतल्या गेल्या, प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेले, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभादेवी खटल्यात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड ह्यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने एकमताने जुनाच निर्णय कायम केला. साडेसात हजार किलोपर्यंतचे परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालविता येते. परिवहन वाहनासाठी असलेल्या जादा अटी त्यापुढील मध्यम व जड वाहनांपुरत्याच आहेत. मात्र ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल वाहणारी वाहने ह्यांसाठीच्या विशेष अटी तशाच राहतील, असे त्या निर्णयाचे सार आहे.

ह्या निर्णयाचे आम्ही स्वागतच करतो. अशा परवान्यांमुळे अपघात वाढले असे दाखविणारी आकडेवारी आपल्यापुढे कोणी ठेवली नाही, असे न्यायालयाने स्पष्ट नमूद केले. पोट भरण्यासाठी दिवसाचे कित्येक तास चाकावर घालविणाऱ्या मनुष्यांना केवळ एका शिक्क्याच्या अभावी बेकायदा ठरवावे, हे न्यायालयास पटले नाही आणि आम्हांसही पटत नाही. खानापूरच्या जंगलपट्टीत दूध, भाजीपाला, बांबू आणि माणसे वाहणारा जो पिकअपवाला आहे, त्याच्या डोक्यावरील टांगती तलवार ह्या निर्णयाने दूर झाली. ही लहानसहान गोष्ट नव्हे.

तथापि न्यायालयाने काय सांगितले आणि काय सांगितले नाही, ह्यांतील भेद ओळखला पाहिजे. परवान्याची कायदेशीर मर्यादा कोठवर जाते, एवढेच न्यायालयाने सांगितले. अलटो मोटारीवर परीक्षा दिलेल्या वीस वर्षांच्या मुलाला सात टनांचा भरलेला टेम्पो अनमोडच्या उतारावर आवरता येईल, अशी हमी कोणत्याही न्यायालयाने दिलेली नाही. देणे त्याचे कामही नव्हे. कायद्याने ‘तू चालवू शकतोस’ असे म्हणणे निराळे आणि गाडीने ते मान्य करणे निराळे.

हा भेद इतर देशांनीही अनुभवाने ओळखला आहे. ब्रिटनमध्ये साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतची गाडी हाकण्याची मुभा होती. १ जानेवारी १९९७ पासून नव्याने परवाना घेणाऱ्यांसाठी ती साडेतीन टनांवर आणली गेली आणि साडेतीन ते साडेसात टनांसाठी स्वतंत्र वर्ग व स्वतंत्र परीक्षा आली. युरोपातील बहुतेक राष्ट्रांत आज हीच मर्यादा आहे. आपल्या कायद्याने साडेसात टनांची मोकळीक ठेवली आहे, ठेवो बापडा. परंतु जेथे कायदा उदार होतो, तेथे शिक्षणाने अधिक कडक झाले पाहिजे, नाहीतर त्या औदार्याची किंमत रस्त्यावरचे लोक देतात.

घाटाचा उतार हा ह्या शिक्षणाची खरी कसोटी पाहतो. भरलेली गाडी उताराला लागली म्हणजे तिचे वजनच तिला पुढे ढकलू लागते. अननुभवी चालक पायाचा ब्रेक दाबून धरतो. एक वळण, दोन वळणे, दहा वळणे तो ब्रेक साथ देतो. त्यानंतर ड्रम आणि पट्ट्या इतक्या तापतात की दाबलेल्या ब्रेकला पकड राहात नाही. जाणता चालक असे करीत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, इंजिनालाच लगाम करावे आणि ब्रेक प्रसंगापुरता राखावा, हा जुन्या लॉरीवाल्यांचा नियम आहे. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडणे हा त्याच्या नेमका उलट मार्ग. त्यात वाचलेले डिझेल आणि गेलेले जीव ह्यांचा हिशेब कधीच जमत नाही. अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, हा तर रस्त्याच्या कायद्यातच लिहिलेला नियम आहे. रिकाम्या मोटारीवर शिकलेल्या हाताला ह्यांतील एकही गोष्ट आपोआप येत नाही. त्यात खानापूरच्या पश्चिमेकडील पाऊस, दाट धुके आणि दरडी ह्यांची भर पडली म्हणजे मग बोलावयासच नको.

आश्चर्याची गोष्ट ही की, कायद्याने ह्याचा विचार केलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील पंधराव्या नियमाप्रमाणे परीक्षार्थीने तीव्र चढावर गाडी थांबवून, ती तसूभरही मागे न घसरू देता, पुन्हा सुरू करून दाखविली पाहिजे. ड्रायव्हिंग शाळेने हलक्या खाजगी वाहनासाठी किमान एकवीस दिवस व प्रत्यक्ष दहा तास, आणि मध्यम-जड वाहनासाठी किमान तीस दिवस व प्रत्यक्ष पंधरा तास शिकविले पाहिजे, असा एकतिसावा नियम आहे. २०२१ साली आलेल्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांच्या योजनेत तर शिक्षणाचे एकूण तास अनुक्रमे एकोणतीस आणि अडतीस ठेवले आहेत. कागदावर सारे आहे. प्रत्यक्षात एकवीस दिवसांचे किती दिवस होतात आणि दहा तासांचे किती तास होतात, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी आठवून पाहावे. सपाट मैदानात इंग्रजी आठचा आकडा काढता आला म्हणजे घाट उतरता येतो, अशी समजूत करून घेण्यास आमची हरकत नसती, जर घाट आमच्या दारात नसता.

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. ती पैशाची आहे आणि म्हणून अधिक निष्ठुर आहे. परवान्याचा वर्ग चुकीचा असला तर पोलिसांचा दंड होतो, एवढेच लोकांस ठाऊक असते. परवान्यावाचून किंवा परवान्याच्या वर्गाबाहेर वाहन चालविल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि अशा मनुष्याच्या हाती वाहन देणाऱ्या मालकासही तितकीच शिक्षा सांगितली आहे. पण दंड हा ह्या प्रकरणातील सर्वांत स्वस्त भाग होय. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा प्रत्येक वाहनास सक्तीचा आहे, तो ह्यासाठी की रस्त्यात मेलेल्या मनुष्याच्या बायकापोरांस दारोदार फिरावे लागू नये. चालकाकडे योग्य परवाना नव्हता, हे विमा कंपनीचे हाती असलेले सर्वांत धारदार शस्त्र आहे.

ह्या शस्त्राची धार २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात काहीशी बोथट केली. परवान्यात दोष असला तरी मृताच्या कुटुंबास कंपनीने प्रथम पैसे द्यावेत आणि मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने अट मोडली असेल तर ते मालकाकडून वसूल करावेत, हे तत्त्व तेथे दृढ झाले. विधवेच्या दृष्टीने हा मोठा आधार आहे. पण मालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय? कर्ज काढून एकच टेम्पो घेतलेल्या लोंढ्याच्या किंवा नंदगडच्या मनुष्यावर काही लाखांची वसुली आली म्हणजे टेम्पो जातो, मग शेत जाते, मग राहते घर जाते. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीची भरपाई तर बहुधा मिळतच नाही. चालकाचा परवाना हातात घेऊन, वर्ग आणि मुदत ह्या दोन गोष्टी वाचण्यास दोन मिनिटे लागतात. ही दोन मिनिटे न दिल्यामुळे दोन घरे एकदम बसतात, मेलेल्याचे आणि मारणाऱ्याचे.

मुदतीविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. एकाच कार्डावर खाजगी वाहनांसाठी एक आणि परिवहन वाहनांसाठी दुसरी, अशा दोन तारखा असू शकतात. परिवहनाची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती, ती २०१९ पासून पाच वर्षांची झाली. मुदत संपल्यावर पूर्वी मिळणारी तीस दिवसांची सवलत त्याच दुरुस्तीने रद्द झाली आहे. आणि वर्ष उलटून गेल्यास पुन्हा परीक्षा द्यावी लागते. जुन्या सवलतीच्या भरवशावर बसलेला चालक मुदतीच्या दुसऱ्याच दिवशी कायद्याच्या दृष्टीने बिनपरवान्याचा होतो.

उसाच्या ट्रॅक्टरविषयी आमच्या भागात निराळाच समज आहे. निपाणी-चिकोडीच्या बाजूस काय किंवा खानापूरच्या बाजूस काय, हंगाम सुरू झाला म्हणजे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे धावू लागतात. ट्रॅक्टरचा परवाना असलेल्या मनुष्याने मालाची ट्रॉली जोडली, एवढ्याने त्याचा परवाना निकामी होत नाही, हे कर्नाटकातूनच गेलेल्या नागशेट्टी खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. शेतकऱ्यास हा न्याय मिळाला हे योग्यच झाले. परंतु ह्याचा अर्थ सोळा वर्षांच्या पोराने रात्री बारा वाजता, मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, अशा दोन ट्रॉल्या ओढाव्यात असा नव्हे. ट्रॅक्टर हे शेतीचे अवजार आहे ते बांधावर. रस्त्यावर आले म्हणजे ते हलके मोटार वाहन आहे आणि त्याला अठरा वर्षे पूर्ण झालेला, परवानाधारक चालक लागतो.

वयाचा प्रश्न आला म्हणून आईबापांशीही स्पष्ट बोलणे भाग आहे. सोळा वर्षांच्या मुलास कायद्याने जी मोकळीक दिली आहे, ती पन्नास सी.सी.पर्यंतच्या मोटारसायकलपुरती आहे. शाळा-कॉलेजच्या दारात दिसणाऱ्या स्कूटी बहुतेक शंभर सी.सी.च्या किंवा त्याहून मोठ्या असतात. त्यांना गिअर नाही म्हणजे कायदा नाही, असे नव्हे. २०१९ साली कायद्यात आलेले कलम एकशे नव्याण्णव-अ सांगते की, अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जाईल. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होईल. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होईल. आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळणार नाही. ज्या घरातील मुलगा उद्या चालक म्हणून पोट भरणार आहे, त्या घराने ह्या शेवटच्या वाक्यापाशी क्षणभर थांबावे. लाडापोटी दिलेली किल्ली त्याच्या उमेदीची सात-आठ वर्षे कुलूपबंद करू शकते.

आणि आमच्या तरुणांपुढे हा पोटाचाच प्रश्न आहे. रेल्वे आहे, पण तिच्यातील जागा मोजक्या. जंगल आहे, पण त्यावर आता पूर्वीसारखा संसार चालत नाही. गोव्यात, कोल्हापुरात, पुण्यात चाकावर बसून कमाई करणे हा पुष्कळांचा मार्ग आहे. अशा वेळी केवळ मोटारीचा परवाना घेऊन थांबणे म्हणजे पहिल्या पायरीवर बैठक मारणे होय. कर्नाटकाची वायव्य परिवहन संस्था, महाराष्ट्राची एस.टी. आणि गोव्याची कदंब ह्यांच्या बसवर बसावयाचे तर जड प्रवासी वाहनाची पात्रता पाहिजे. त्याचा क्रम कठीण नाही. अठराव्या वर्षी शिकाऊ परवाना. किमान तीस दिवसांनी परीक्षा देऊन हलक्या वाहनाचा कायम परवाना. त्यावर एक वर्ष पूर्ण झाले आणि वय वीस झाले म्हणजे जड परिवहन वाहनासाठी शिकाऊ परवाना. मग प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र आणि त्याच वर्गाच्या वाहनावर परीक्षा. आठवी उत्तीर्ण असण्याची जी अट होती ती २०१९ साली काढून टाकण्यात आली. त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्यांनाही हा मार्ग मोकळा आहे. दोन-अडीच वर्षे धीर धरून जो ह्या पायऱ्या चढेल, त्याचे कार्ड साऱ्या देशात चालणारे भांडवल ठरेल. जो मधल्या पायऱ्या गाळून लॉरीवर बसेल, तो मालकाच्या मर्जीवर आणि पहिल्या अपघातापर्यंतच चालक राहील.

येथवर आम्ही जनतेच्या कर्तव्याविषयी लिहिले. आता सरकारच्या कर्तव्याविषयी लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

शिकाऊ परवान्याची परीक्षा ही रस्त्याच्या नियमांची परीक्षा असते. परीक्षार्थीस नियम कळतो की नाही हे पाहावयाचे, त्याला कोणती लिपी वाचता येते हे पाहावयाचे नाही. रस्त्यावरील खुणा चित्रांच्या केल्या आहेत त्या ह्याचसाठी; वर्तुळ आज्ञा करते, त्रिकोण सावध करतो आणि चौकोन माहिती देतो, हे कोणत्याही भाषेच्या मनुष्यास कळते. शिकाऊ परवान्याचे प्रश्न मात्र शब्दांत असतात. मराठी शाळेत शिकलेल्या लोंढ्याच्या, गुंजीच्या किंवा जांबोटीच्या मुलाला ते मराठीत मिळाले पाहिजेत, म्हणजे तो उत्तरे पाठ करणार नाही, समजून देईल. ही मागणी आम्ही भावनेच्या आहारी जाऊन करीत नाही. धोकादायक माल वाहणाऱ्या टँकरच्या चालकासाठी केंद्राच्या नवव्या नियमात भाषेची जी अट आहे, तीत इंग्रजीबरोबर घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणतीही एक भारतीय भाषा लिहिता-वाचता येणे पुरेसे मानले आहे. मराठी त्या परिशिष्टात आहे. पेट्रोलचा टँकर घाटातून नेणाऱ्यास जी भाषा चालते, ती स्कूटीवरून खानापूरच्या बाजारास जाणाऱ्या मुलीस का चालू नये? शिवाय ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्के किंवा अधिक आहे, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हे देशाने मान्य केलेले संरक्षण आहे. खानापूर तालुक्यातील मराठी वस्ती ह्या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहे, हे कोणास सांगावयास नको. वाहतुकीचे नियम जर महत्त्वाचे नियम नसतील, तर मग महत्त्वाचे म्हणावे तरी कशास?

दुसरी मागणी अंतराविषयी आहे. लोंढ्याहून बेळगाव सुमारे पन्नास किलोमीटर. रोजंदारीवरील मनुष्यास परिवहन कार्यालयाची प्रत्येक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. अर्ज आता संगणकावर भरता येतो हे खरे, परंतु परीक्षेस स्वतः जावे लागते आणि जंगलपट्टीतील गावांत संगणकाची वाट बहुधा दलालाच्या दारावरून जाते. परीक्षा घेणारे पथक ठरलेल्या दिवशी खानापुरास आणि लोंढ्यास आले, तर दलालाचे महत्त्व कमी होईल आणि वर्गाबाहेर गाडी चालविण्याचा मोहही कमी होईल. आमचा अनुभव असा आहे की, लोक कायदा मोडतात ते पुष्कळदा दुष्टपणाने नव्हे. कायदा पाळण्याचा मार्ग लांबचा असतो म्हणून मोडतात.

तिसरी मागणी घाटाविषयी. उत्तराखंडासारख्या डोंगरी मुलखात पहाडी रस्त्यावर व्यावसायिक वाहन चालविण्यास परवान्यावर खास नोंद घ्यावी लागते. अनमोड आणि चोर्ला हे घाट रोज उतरणाऱ्या चालकांसाठी तशी नोंद सक्तीची करावी काय, ह्याचा विचार तज्ज्ञांनी करावा. परंतु चार दिवसांचे घाट-प्रशिक्षण, भरलेल्या गाडीवर आणि अनुभवी चालकाच्या देखरेखीखाली, सुरू करण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. पस्तीस-चाळीस वर्षे ह्याच घाटांत विनाअपघात लॉरी हाकलेले निवृत्त चालक ह्या पट्ट्यात आहेत. त्यांच्यापाशी असलेली विद्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही आणि त्यांच्याबरोबर ती जाऊ देणे हे करंटेपण ठरेल.

तरुणांनो, आपले कार्ड खिशातून काढा आणि त्यावरील अक्षरे आज एकदा वाचा. जी गाडी तुम्ही रोज हाती घेता ती त्या अक्षरांत बसते काय, आणि बसत असली तरी तुमच्या हाताला ती पेलते काय, हे दोन्ही प्रश्न स्वतःस विचारा. पहिल्याचे उत्तर कायदा देईल. दुसऱ्याचे प्रामाणिक उत्तर तुम्हीच देऊ शकाल. मालकांनो, किल्ली देण्यापूर्वी परवाना वाचा. पालकांनो, किल्ली देण्यापूर्वी वय मोजा. आणि सरकारने ही परीक्षा लोकांच्या दारी व लोकांच्या भाषेत आणावी. ह्या चौघांनी आपापला भाग उचलला तर अनमोडच्या घाटात खाली गेलेली गाडी संध्याकाळी परत वर येईल, आणि घरची माणसे तिच्या दिव्यांची वाट निर्धास्तपणे पाहतील. सीमाभागातील कष्टाळू कुटुंबांचा एवढा तरी हक्क आहे.